वाळवीला कंबर नसते

वाळवी आणि मुंगी यांत फरक काय, असं मला कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, घरात लाकडी पाळणा आहे का? लोक हसतात. हसू देत. आमच्या घरी पाळणा होता, वाळवीही होती, आणि सगळं घर त्या वाळवीला मुंगी समजून साखर घालत होतं. सगळं घर म्हणजे माझ्या सासूबाई. शब्द त्यांचाच चालायचा, म्हणून सगळं घर म्हटलं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमचं घर नाशकात, सातपूरच्या बाजूला नव्या वसाहतीत. हे एका कारखान्यात फिटर होते. दोन खोल्या, मागे मोरी, वर सिमेंटचा स्लॅब, खाली शहाबादी फरशी. त्या स्लॅबचा आम्हाला काय अभिमान होता, विचारू नका! पाहुणा आला की पाण्याच्या आधी त्याला छत दाखवायचं. सासूबाई सायखेड्याच्या. त्यांचं मातीचं घर गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, पुरात गेलं होतं. भिंती विरघळल्या, भांडीकुंडी वाहून गेली. आढ्याला बांधून ठेवलेला पाळणा तेवढा राहिला. तो डोक्यावर घेऊन त्या नाशकात आल्या, असं त्या सांगायच्या. डोक्यावर घेऊन की बैलगाडीत घालून, ते मी कधी विचारलं नाही. सांगताना त्या डोळ्यांना पदर लावायच्या, तेव्हा गाडीची चौकशी कोण करणार?

पाळणा आंब्याच्या लाकडाचा. खांब कातीव, लाल-पिवळे रंगवलेले, तळाला फळ्या, चार पितळी साखळ्या. ह्यांच्या आधी सासूबाईंना मुलं झाली होती, पण जगली नाहीत. ह्यांच्या वेळी त्यांच्या वडलांनी हा पाळणा करून आणला, आणि ह्यात घातलेलं मूल जगलं. एवढं झाल्यावर त्या पाळण्याबद्दल कुणी काही बोलायची सोयच नव्हती. स्वयंपाकघराच्या माळ्यावर, जुन्या लुगड्यात गुंडाळून, भिंतीला टेकवून तो ठेवलेला होता. मला दिवस गेल्याचं कळलं त्या दिवशी सासूबाईंनी माळ्याकडे बघून हात जोडले. देव्हाऱ्याकडे नंतर.

मला आई नव्हती. माहेर सिन्नरला, वडील आणि भाऊ, बाईमाणूस कुणी नाही. म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. सासूबाई म्हणाल्या, "मी हाय ना. तुझी आई आन् सासू दोन्ही मीच." आणि त्यांनी ते करून दाखवलं, हे आधीच सांगून ठेवते. पुढे मी त्यांच्याबद्दल चिडून बोलणार आहे, तेव्हा हे लक्षात असू द्या.

पावसाळा सुरू झाला, तेव्हा मला चौथा महिना चालू होता. एका संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या दिव्याभोवती पंखवाल्या किड्यांचा नुसता थवा उडाला. आमटीत, परातीत, कणकेत, जिथे तिथे. मी तोंडाला पदर धरून बाहेर पळाले. सासूबाई मात्र खुशीत. "मुंग्यांना पंख फुटले गं! लय चांगलं अस्तंय." सकाळी बघते तर दाराच्या चौकटीखाली गळलेल्या पंखांचा थर. किडे गायब, पंख तेवढे मागे. सासूबाईंनी ते सुपलीत भरले आणि तुळशीत टाकले. मग चौकटीच्या कोपऱ्यात चिमूटभर साखर ठेवली.

मुंग्यांना साखर घालणं हे त्यांचं नित्याचं. त्यात त्यांचे नियम होते. काळी मुंगी देवाची, तिला साखर. लाल मुंगी चावरी, तिला हळद टाकून हाकलायचं. मुंगळा गुळाच्या डब्याचा चोर, त्याला शिव्या. आणि उधई, म्हणजे आपण शहरात वाळवी म्हणतो ती, तिचा ह्या यादीत पत्ताच नाही. कारण उधई शेतात असते, बांधावर असते, मातीच्या घरात असते. सिमेंटच्या घरात उधई? "खायचंय काय तिला हितं? शिमिट?" असं म्हणून त्या खो खो हसायच्या.

मला पंख बघून शंका आली. मी कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलं होतं, शेवटच्या वर्षाआधी लग्न झालं. म्हणजे अर्धवटच. वाळवी मी कॉलेजात बरणीत बघितलेली, तीही लांबून. पण एवढं आठवत होतं की मुंगीच्या पंखांत पुढचा जोड मोठा आणि मागचा लहान असतो. सुपलीतले पंख सगळे एका मापाचे होते. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा थोडे किडे आले, तेव्हा मी स्टीलच्या ताटात पाणी ओतून दिव्याखाली ठेवलं. त्यात जे पडले त्यातला एक उचलून कोरड्या वाटीत घेतला. शेजारी साखरेवरचा एक मुंगळा. ह्यांचं भिंग आणलं, कारखान्यातल्या बारीक कामाचं, आणि सासूबाईंना हाक मारली.

"आत्याबाई, जरा इकडे या. ह्या मुंगळ्याची कंबर बघा, कशी दोऱ्यानं आवळल्यासारखी आहे. आणि हा बघा. सरळ दांडका. कंबरच नाही."

त्यांनी भिंगातून बघितलं. भिंग उलटं धरलं, मग सुलटं धरलं. "माझ्यावानी," म्हणाल्या, "चार पोरं झाल्यावर हिची बी गेली आसंल कंबर."

मला हसू आवरेना. तरी मी नेट लावला. मुंगीच्या मिशा कोपरात वाकवलेल्या हातासारख्या असतात, ह्याच्या बघा, सरळ, बारीक मणी ओवल्यासारख्या. मुंगी उघड्यावर रांगेनं जाते, ही मातीच्या नळीतून लपून जाते. चौकटीच्या मागे ती मातीची रेघ दिसतेय ना, वर माळ्याकडे गेलेली, तो हिचा रस्ता.

रेघ खरंच होती. बोटाएवढी रुंद, भिंतीच्या रंगाहून गडद, फरशीच्या फटीतून निघून चौकटीच्या कडेकडेनं वर. तिच्याकडे बघून सासूबाईंचा चेहरा क्षणभर बदलला. शेतातली बाई ती. ओळखलं असणारच. पण लगेच म्हणाल्या, "कुंभारणीची आसंल. माती आणून घर बांधती ती."

"कुंभारीण माशी मातीचा गोळा करते, रेघ नाही करत."

"बरं बाई, तू शिकलेली. मग काय करायचं म्हणती?"

मी म्हटलं, रेघ खरवडायची, फट फोडून आत औषध ओतायचं, आणि माळ्यावरचा पाळणा खाली काढून बघायचा. तिथेच चुकलं माझं. एका दमात तिन्ही अशुभ गोष्टी बोलून मोकळी झाले. घरात पोटुशी बाई असताना फोडायचं नाही, खणायचं नाही, जीव मारायचा नाही. आणि मूल यायच्या आधी रिकामा पाळणा तर हलवायचाच नाही. सासूबाईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. रागानं नाही, घाबरून. "पुन्हा म्हनू नको. पदरात पडू दे, मग काय फोडायचं ते फोड."

ह्यांना सांगितलं, तर हे स्लॅबकडे बघायला लागले. "पक्क्या घरात वाळवी कुठून येईल?" मी म्हटलं, जमिनीतून, फरशीखालून, तुमच्या स्लॅबला विचारून नाही येत ती. माझ्या आग्रहाखातर स्टुलावर चढून त्यांनी गाठोड्याला हात लावून बघितला. लुगडं जागेवर, लाकूड हाताला टणक. "चांगला आहे की!" म्हणाले आणि उतरले. मागची, भिंतीकडची बाजू बघायची तर गाठोडं हलवावं लागलं असतं, आणि खाली आई उभी होती.

मला स्वतःला वर चढायची बंदी. राग राग व्हायचा नुसता. आणि खरं सांगू, मला तो पाळणा हवा होता. माझ्या माहेराहून बाळाला काही येणार नव्हतं. बाळंतविडा करायला, कुंची शिवायला तिथे होतं कोण? ज्या पाळण्यात माझा नवरा जगला त्यात माझं मूल झोपणार, ह्या कल्पनेनं मला रात्री छान झोप लागायची. म्हणून तर माझी नजर सारखी त्या मातीच्या रेघेवर जायची. सासूबाईंना भीती पाळणा हलला तर काय होईल याची, मला भीती नाही हलला तर काय होईल याची. पाळणा मात्र एकच.

भादव्यात एक गंमत झाली. गंमत आता म्हणायची. मातीची रेघ एका जागी फुटली, माझा कुंचा लागला असेल किंवा आपोआप. काळ्या मुंग्यांनी तिथे धाड घातली आणि तोंडात पांढरं पांढरं धरून रांगेनं चालल्या. सासूबाईंनी अंगणातले पापड गोळा केले. "मुंग्या अंडी घिऊन निघाल्या, पाऊस येतोय." मी वाकून, म्हणजे जमेल तेवढी वाकून, बघितलं.

"आत्याबाई, अंड्यांना पाय आहेत."

"काय?"

"मुंग्या नेतायत ती वाळवी आहे. पांढरी, मऊ. बघा, पाय हलतायत अजून."

"अंड्याला पाय! हे शिकवत्यात का कॉलेजात?" पण ह्या वेळी त्या हसल्या नाहीत. कितीतरी वेळ उकिडव्या बसून रांग बघत राहिल्या. पाऊस काही आला नाही. संध्याकाळी पापड पुन्हा वाळत घालताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बाराव्या दिवसानंतर आपण सगळं साफ करू. तोवर ह्या मुंग्याच खातील तिला. म्हनून तर साखर घालते मी." अशी झटक्यात बाजू बदलणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. पण साखर मिळते म्हणून मुंग्या त्या कोपऱ्यातच रमल्या आणि फुटलेली रेघ दोन दिवसांत पुन्हा लिंपली गेली.

थंडी पडायला लागली तेव्हा मुलगी झाली. सासूबाईंनी आंघोळ, शेक-शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू, सगळं आईच्या मायेनं केलं. माझ्या केसांना तेल लावताना एकदा म्हणाल्या, "तुझी आई आस्ती तर तिला पाळणा दाखवला आस्ता मी." मला रडू आलं. त्याच वेळी आत कुठेतरी वाटलं, बाई गं, आधी तुम्ही तरी बघा.

बारशाच्या दिवशी सकाळी ह्यांनी पाळणा खाली काढला. मी बाळाला घेऊन आतल्या खोलीत, दाराला पडदा. मला आवाज ऐकू येत होते. लुगडं झटकल्याचा आवाज, मग सासूबाई, "मातीच लय बसलीय रे, वरच्या वर पुसून घे." मी आतूनच ओरडले, "आत्याबाई, लाकूड बोटानं वाजवून बघा!"

"नारळ हाय का वाजवायला?" बाहेर बायका हसल्या. सायखेड्याहून चुलतसासू आल्या होत्या, शेजारणी जमल्या होत्या. पाळणा छताच्या कडीला टांगला, खांबांना झेंडूच्या माळा बांधल्या, आत दुपटं आणि गोधडी अंथरली. मी बाहेर आले तेव्हा तो इतका सुंदर दिसत होता की माझीच शंका मला कोती वाटली. लाल-पिवळा रंग तसाच चकचकीत. मी हात लावणार, तेवढ्यात सासूबाईंनी मला पाटावर बसवलं आणि वरवंटा पुढे केला.

आमच्याकडे बारशाला पाळण्यात आधी बाळ घालत नाहीत. आधी वरवंटा. पाट्यावर वाटण वाटायचा तोच, दगडी, धुऊन हळदकुंकू लावलेला, बाळाची कुंची घातलेला. तो पाळण्यात ठेवून झोका द्यायचा, मग मूल. मूल दगडासारखं टिकावं म्हणून. सासूबाईंनी कुंचीतला वरवंटा दोन्ही हातांनी ठेवला, बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली, आणि सासूबाईंनी दोरी ओढली.

मोडल्याचा आवाजसुद्धा धड झाला नाही. कोरडी भाकरी मोडावी तेवढा. तळाच्या फळ्या गेल्या, गोधडी खाली लोंबली, आणि वरवंटा घरंगळून शहाबादी फरशीवर आदळला. आवाज झाला तो त्याचा. फरशीचा टवका उडाला. फळ्यांच्या मोडलेल्या तोंडातून माती सांडली आणि मातीतून पांढरी वाळवी, उजेड बघून सैरावैरा धावणारी. रंगाचा पापुद्रा तेवढा लाकूड होता. आत लाकूड नव्हतंच.

गाणं थांबलं. मी बाळाला इतकं घट्ट धरलं की ते रडायला लागलं. रागानं की भीतीनं, मला आजही सांगता यायचं नाही. फरशीवर, कुंचीत, तो वरवंटा पडला होता. त्या कुंचीकडे मला बघवेना.

मग चुलतसासू हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "पोरगा एवढा वाढला ह्या पाळण्यात. पुरात तगला. आन् पोरगी आली न् मोडला. पायगुण म्हनायचा, दुसरं काय."

मी तोंड उघडणार, इतक्यात सासूबाई वळल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी मुठीत माती उचलली आणि चुलतसासूंच्या पुढ्यात हात उघडला.

"हे बघा. पायगुण दिसतोय का कुठं? ही उधई हाय. आन् तिला साखर घातली मी. सून सांगत व्हती, भिंगातून दाखवत व्हती, मी ऐकलं नाय. पोरीचं नाव घेऊ नका. माझं घ्या."

सासूबाईंनी पेटीतून आपलं नऊवारी लुगडं काढलं, चांगलं ठेवणीतलं. ह्यांनी त्याच कडीला त्याची झोळी बांधली. वरवंटा पुन्हा धुतला गेला, पुन्हा कुंची घातली गेली. आधी वरवंट्यालाच झोका. सासूबाईंनी झोळीला लोंबकळून बघितलं, स्वतःचं सगळं वजन टाकून, तेव्हा कुठे त्यांनी मला "आण" म्हटलं. घुगऱ्या वाटल्या, नाव ठेवलं. मुलगी त्या झोळीत झोपली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी फरशी फोडली आणि फटीत औषध ओतलं. सासूबाई शेजारी उभ्या राहून "अजून खाली, अजून खाली" म्हणत होत्या. पाळण्याच्या साखळ्या त्यांनी काढून ठेवल्या. खांब, फळ्या, जे काही उरलं होतं ते त्यांनी स्वतः मोरीत नेलं आणि बाळाच्या आंघोळीसाठी बंबात घातलं. मी दारात उभी होते. म्हटलं, थोडं ठेवायचं का, आठवण म्हणून? त्या म्हणाल्या, "नको. नातीच्या अंगाला लागू दे."

भडका मोठा झाला. रंग तडतडला. बघता बघता सगळं जळून गेलं आणि बंब गार पडला. सासूबाईंनी पाण्यात हात घातला, काढला, पुन्हा घातला. नातीला आंघोळ घालण्याइतकंसुद्धा पाणी तापलं नव्हतं.

"काहीच नव्हतं गं आत," त्या म्हणाल्या, आणि मोरीच्या काठावर बसून हमसाहमशी रडल्या. मी बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि स्टोव्हवर पाणी तापवायला गेले.